ठिसूळ हाडे आणि हृदयाची परीक्षा

भोपाळहून नर्मदापुरमकडे, म्हणजे पूर्वीच्या होशंगाबादकडे जाणाऱ्या रस्त्यावर मिसरोद हे एकेकाळचे खेडे. पूर्वीचे हबीबगंज म्हणजे आजचे राणी कमलापती स्थानक आणि पुढले मंडीदीप, यांच्यामधले एक लहानसे रेल्वे स्थानक एवढीच त्याची ओळख कित्येक वर्षे होती. आज शहर तेथवर येऊन ठेपले आहे. १९५६ साली भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले, तेव्हा नागपूरच्या जुन्या सरकारी कचेऱ्यांतून मराठी कुटुंबे इकडे आली. ग्वाल्हेर-इंदूरहूनही आली. पुढे भेल आणि मंडीदीपच्या कारखान्यांनी त्यांत भर घातली. त्या पिढीच्या मुलांपैकी व सुनांपैकी काहींनी निवृत्तीनंतर मिसरोदच्या बाजूस घरे केली. तेव्हाच्या सुना आज स्वतः आजी झाल्या असून त्यांतल्या अनेकींनी सत्तरी गाठली आहे.

अशा घरांतून दोन वाक्ये वारंवार कानी पडतात. ‘आई, डॉक्टरांनी हाडं ठिसूळ झाल्याचं सांगितलंय, आता फार हिंडू-फिरू नका,’ हे एक. आणि ‘सत्तरी उलटली, जिना चढताना धाप लागायचीच,’ हे दुसरे. दोन्ही वाक्ये मायेपोटी उच्चारली जातात. परंतु ती एकत्र आली म्हणजे त्यांतून मोठा धोका संभवतो. पहिल्या वाक्याने बाईचे चालणे थांबते व हृदय दुबळे होते. दुसऱ्याने त्या दुबळ्या हृदयाची परीक्षाच होत नाही. हाडे ठिसूळ असली तरी हृदयाची तपासणी टाळू नये. मात्र ती कोणत्या रीतीने करावयाची, हे विचारपूर्वक ठरवावे, एवढेच आम्हांस प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे.

एकाच वयाचे दोन आजार

हाड ही दगडासारखी निर्जीव वस्तू नाही. जुने हाड सतत विरघळत असते आणि त्याच्या जागी नवे बनत असते. तारुण्यात हा जमाखर्च बरोबर जुळतो. स्त्रीची पाळी थांबली की इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा आधार सुटतो, विरघळणे वाढते, बनणे मागे पडते आणि हाडाच्या आतील जाळी विरळ होत जाते. यालाच ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली त्याचे माप ठरवून दिले. डेक्सा नावाच्या क्ष-किरण तपासणीत निरोगी तरुण हाडाशी तुलना करून जो ‘टी स्कोअर’ मिळतो, तो उणे २.५ किंवा त्याहून खाली गेला तर ऑस्टिओपोरोसिस समजावा. उणे १ आणि उणे २.५ यांच्या दरम्यान असेल तर हाडे विरळ होऊ लागली आहेत असे समजावे.

मनगट किंवा खुबा मोडला तर घरभर धावपळ होते. पाठीचा मणका मात्र मुकाट्याने दबतो. पाण्याची बादली उचलताना, गादी उलटताना, कधी नुसत्या शिंकेनेही तो दबतो, आणि ‘पाठीत उसण भरली’ म्हणून शेक घेतला जातो. दबलेल्या मणक्यांपैकी सुमारे एकतृतीयांशच डॉक्टरांच्या नजरेस येतात. हे ओळखण्याची एक सोपी खूण घरातच असते. सरकारी नोकरी केलेल्यांच्या सेवापुस्तिकेत उंची लिहिलेली असते. ती पाहावी आणि आज भिंतीशी उभे राहून पुन्हा मोजावी. तरुणपणापेक्षा उंची ४ सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक घटली असेल, तर मणक्यांचा क्ष-किरण फोटो काढण्याविषयी डॉक्टरांशी बोलणे अगत्याचे आहे.

ज्या वयात हाडे विरळ होतात त्याच वयात स्त्रीचे हृदयही संकटाच्या छायेत येते. पाळी थांबल्यानंतर स्त्रियांतील हृदयविकाराचे प्रमाण वाढू लागते. मधुमेह, धूम्रपान आणि बैठी राहणी हे जसे हृदयाचे वैरी, तसेच हाडांचेही. महारोहिणीच्या भिंतीत चुना साठणे आणि हाडांतला चुना कमी होणे या दोन्ही गोष्टी एकाच व्यक्तीत पुष्कळदा आढळतात. त्यातून स्त्रियांचा हृदयविकार नेहमीच छातीत कळ येऊन प्रकट होतो असे नाही. नुसती धाप, नेहमीच्या कामाने येणारा अवास्तव थकवा, जबड्यात, पाठीत किंवा खांद्यांत अवघडल्यासारखे दुखणे, एवढ्यावरच तो भागवतो. पाठदुखी तर हाडांच्या नावावर आधीच जमा झालेली असते. मग हृदयाची तक्रार ऐकावी कोणी?

धाप कशाची?

समजा, मिसरोदच्या एखाद्या वसाहतीतल्या आजी दुसऱ्या मजल्यावर राहतात. गेल्या दोन वर्षांत त्यांना पाठीला बाक आला आहे, आणि हल्ली पहिल्या मजल्यावरच थांबून त्या श्वास घेतात. ही धाप कशाची?

पहिली शक्यता पाठीच्या बाकाची. छातीच्या भागातले मणके दबले की बरगड्यांचा पिंजरा खाली बसतो आणि फुप्फुसांना फुलण्यास जागा उरत नाही. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात छातीच्या भागातील दर एका दबलेल्या मणक्यामागे फुप्फुसांची श्वास भरून सोडण्याची क्षमता अपेक्षेपेक्षा सुमारे ९ टक्क्यांनी घटलेली आढळली. दुसरी शक्यता हृदयाच्या रोहिण्या अरुंद झाल्याची, झडपेच्या दोषाची किंवा हृदयाचे स्नायू थकल्याची. तिसरी, महिनोन्महिने न चालल्यामुळे पायांचे स्नायूच दुबळे झाल्याची. आणि भोपाळात एक चौथी शक्यताही ध्यानी ठेवावी लागते. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री जी माणसे जुन्या शहरात होती, त्यांतल्या पुष्कळांच्या फुप्फुसांवर विषारी वायूने कायमची खूण ठेवली. मिसरोद त्या भागापासून दूर असले, तरी आज तेथे राहणारे सगळेच त्या रात्री तेथे होते असे नाही. वायुपीडितांसाठी उभारलेले भोपाळ मेमोरियल रुग्णालय २००० सालापासून चालू आहे. त्या रात्रीच्या श्वासाचा इतिहास आजींनी डॉक्टरांना आवर्जून सांगावा, मग त्याला कितीही वर्षे लोटलेली असोत.

या शक्यता नुसत्या बसल्या जागी उलगडत नाहीत. झोपवून काढलेला ई.सी.जी. निर्दोष येतो आणि घरची मंडळी निर्धास्त होतात. परंतु रोहिणी अरुंद असूनही विश्रांतीच्या वेळी हृदयाला पुरेसे रक्त मिळू शकते. तूट उघड होते ती हृदयाकडे जादा काम मागितले म्हणजे. म्हणूनच हृदयाला ठरावीक श्रम देऊन, त्या वेळी ई.सी.जी., नाडी, रक्तदाब आणि श्वास यांवर लक्ष ठेवण्याची पद्धत रूढ झाली. तिलाच व्यायामचाचणी अथवा स्ट्रेस टेस्ट म्हणतात.

चाचण्यांच्या तऱ्हा

या चाचणीचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. १९२९ साली अमेरिकेत डॉ. आर्थर मास्टर यांनी दोन पायऱ्यांच्या लहानशा जिन्यावर रोग्यास चढ-उतार करावयास लावून नाडी व रक्तदाब मोजण्याची रीत मांडली. पुढे सिॲटल येथील डॉ. रॉबर्ट ब्रूस यांनी सरकत्या पट्ट्यावर चालवण्याची पद्धत बसवली. १९६३ साली प्रसिद्ध झालेली त्यांची रीत आजही जगभर चालते. आपल्याकडे ‘टी.एम.टी.’ म्हणतात ती बहुधा हीच. तिच्यात पट्टा प्रथम ताशी २.७ किलोमीटर वेगाने, परंतु शंभरास दहा इतक्या चढावर चालतो. दर ३ मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढतात. दुसऱ्या टप्प्यात ताशी ४ किलोमीटर व शंभरास बारा, तिसऱ्यात ताशी सुमारे साडेपाच किलोमीटर व शंभरास चौदा.

ताठ कण्याच्या माणसास यात अवघड असे काही नाही. परंतु ज्यांचे मणके दबले आहेत त्यांच्या शरीराचा तोल मुळातच पुढे गेलेला असतो. चढावर तो आणखी पुढे जातो, वेग एकदम वाढला की पाऊल चुकते, आणि अशा बाईला पट्ट्यावर पडणे परवडणारे नसते. भीतीने त्या कठडा घट्ट धरून ठेवतात. मग आणखी एक घोटाळा होतो: कठड्यावर भार टाकल्यामुळे पायांना कमी श्रम पडतात, आणि कागदावर मात्र क्षमता आहे त्याहून अधिक दिसते. पाठदुखीने चाचणी तिसऱ्याच मिनिटाला थांबली तर हृदयावर पुरेसा ताण पडलेलाच नसतो; अशा चाचणीस ‘निर्दोष’ म्हणणे म्हणजे पहिला प्रश्न सोडवून परीक्षार्थी उठून गेला आणि आपण त्यास उत्तीर्ण केले, असे होय.

यावर उपाय आहेत, आणि ते नवेही नाहीत. ब्रूस यांच्याच रीतीचे एक सौम्य रूप आहे. त्यात पहिली ३ मिनिटे पट्टा सपाट असतो आणि चढ हळूहळू येतो. चालणेच वेदनेचे किंवा धोक्याचे असेल, तर एका जागी बसवलेल्या सायकलवर चाचणी घेता येते. तीत पडण्याचे भय कमी असते. मात्र सायकलचा दांडा उंच करून बाईंना ताठ बसवावयास हवे. पुढे ओणवून पायडल मारावयास लावले तर जो मणका वाचवावयाचा त्याच्यावरच भार येतो. ज्यांना यांपैकी काहीच जमत नाही त्यांच्यासाठी औषधाने हृदयाचे काम वाढवून इकोचे चित्र घेणे, औषध देऊन हृदयाच्या स्नायूंतील रक्तपुरवठा पाहणे, किंवा सी.टी. यंत्राने रोहिण्यांचे चित्र काढणे, असे पर्याय आहेत. यांत बाईंना पाऊलही टाकावे लागत नाही. दम्याची प्रवृत्ती असल्यास यांतली काही औषधे वर्ज्य ठरतात, तेव्हा ते आधीच सांगावे. स्त्रियांत नुसत्या ई.सी.जी.वर आधारलेली पट्ट्याची चाचणी खोटा दोष दाखवण्याचे प्रमाणही अधिक असते; म्हणून पुष्कळदा डॉक्टर चित्राची जोड देतात.

याखेरीज एक अगदी साधी चाचणी आहे, ती सहा मिनिटे चालण्याची. ३० मीटर लांबीच्या सपाट व्हरांड्यात रोग्याने आपल्या चालीने ६ मिनिटांत जेवढे जमेल तेवढे अंतर चालावयाचे. दम लागला तर थांबावयाचे, पुन्हा चालावयाचे. शेवटी अंतर मीटरमध्ये मोजतात आणि बोटाला लावलेल्या यंत्रावर नाडी व प्राणवायूचे प्रमाण पाहतात. या चाचणीने रोहिणी अरुंद आहे की नाही ते कळत नाही. परंतु हृदय, फुप्फुसे, स्नायू आणि कणा मिळून बाई किती चालू शकतात, हे नेमके कळते. सहा महिन्यांनी तीच चाचणी पुन्हा घेतली की सुधारणा झाली की घसरण, याचा पडताळा मिळतो.

आकड्यांचा अर्थ

चाचणीच्या कागदावर ‘मेट’ नावाचा एक आकडा असतो. स्वस्थ बसलेल्या माणसाला लागणारा प्राणवायू म्हणजे १ मेट. दर किलो वजनामागे मिनिटाला सुमारे साडेतीन मिलिलिटर. ब्रूस यांच्या रीतीतला पहिला टप्पा पूर्ण करणे म्हणजे सुमारे ५ मेटचे काम. हा आकडा केवळ शोभेचा नाही. २००३ साली डॉ. मार्था गुलाटी व त्यांच्या सहकाऱ्यांनी शिकागो भागातील ५,७२१ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासणीच्या वेळी या स्त्रियांना हृदयाची कोणतीच तक्रार नव्हती. त्यांची क्षमता जसजशी १ मेटने वाढत गेली, तसतसा मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी कमी होत गेलेला आढळला.

दुसरा आकडा नाडीचा. ‘२२० वजा वय’ हे सूत्र सर्वत्र वापरले जाते. सत्तर वर्षांच्या माणसासाठी ते मिनिटाला १५० ठोके एवढे येते. डॉ. गुलाटी यांनीच २०१० साली स्त्रियांसाठी वेगळे सूत्र मांडले: २०६ मधून वयाच्या ०.८८ पट वजा करावी. त्याप्रमाणे सत्तरीच्या बाईंसाठी कमाल नाडी सुमारे १४४ येते. म्हणजे जुन्या सूत्राने पाहिले तर ‘अपेक्षित ठोके गाठले नाहीत’ असा शेरा एखादीला विनाकारण मिळू शकतो. अर्थात नाडी मंद ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर दोन्ही सूत्रे लंगडी पडतात. परंतु अशा गोळ्या डॉक्टरांना विचारल्यावाचून कधीही बंद करू नयेत.

चाचणीस जाण्यापूर्वी

मिसरोदहून शहरातील मोठ्या रुग्णालयांचे अंतर आता फारसे राहिले नाही. २०१२ साली सुरू झालेली एम्स ही संस्थाही याच बाजूस साकेत नगरात आहे. प्रश्न आहे तो तेथे गेल्यावर काय सांगावयाचे याचा. हृदयाची तपासणी करणाऱ्या तंत्रज्ञापुढे हाडांची फाईल बहुधा नसते. म्हणून डेक्साचा कागद आणि पाठीचा क्ष-किरण फोटो बरोबर न्यावा. कोणते हाड केव्हा मोडले, उंची किती घटली, गेल्या वर्षात कितीदा पडलात, चक्कर येते का, चालताना काठी लागते का, हे न विचारताच सांगावे. ‘मणके दबले आहेत, पट्टा सपाट ठेवून सुरुवात करता येईल का, की दुसरी चाचणी बरी?’ असे विचारण्यात संकोच कसला? अगदी अलीकडे मणका मोडला असेल आणि वेदना चालू असेल, तर चाचणी पुढे ढकलावी की औषधाची घ्यावी, ते डॉक्टर ठरवतील. पायात घट्ट बसणारे बूट असावेत. साडी नेसूनच जाण्याचा आग्रह या एका दिवसापुरता बाजूस ठेवून सलवार-कुर्ता घालावा, हेही सुचवावेसे वाटते. आणि स्वस्थ बसल्या जागी छातीत कळ येत असेल, घाम फुटत असेल, तर ती वेळ चाचणीची नव्हे. तडक रुग्णालय गाठावे.

मग व्यायाम कोणता?

चाचणी झाली, हृदय किती भार सोसते ते कळले, की खरे काम सुरू होते. येथे आपल्या घरांतील एका आवडत्या गोष्टीविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. औंधच्या पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्काराचा प्रसार केला तेव्हापासून मराठी घरांत त्यास मानाचे स्थान आहे, आणि निरोगी माणसास तो उत्तमच आहे. परंतु दबलेल्या मणक्यांच्या बाईंनी कमरेत वाकून हात जमिनीस टेकणे धोक्याचे आहे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉ. मेहरशीद सिनाकी यांनी १९८४ साली ५९ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या सर्वांच्या कण्यास ऑस्टिओपोरोसिस होता. ज्यांनी पाठ मागे ताणण्याचे व्यायाम केले त्यांपैकी १६ टक्के स्त्रियांत नवे मणके दबले. ज्यांनी पुढे वाकण्याचे केले त्यांपैकी ८९ टक्के स्त्रियांत दबले. कोणताच व्यायाम न करणाऱ्यांत हे प्रमाण ६७ टक्के होते. अभ्यास लहान होता. परंतु त्याचा इशारा स्पष्ट आहे. पादहस्तासन, पश्चिमोत्तानासन, आणि त्याच जातीचे ओणवून फरशी पुसणे ही कामे सोडावीत. पाठ ताठ ठेवून, खुर्चीत बसून खांदे मागे नेणे, पालथे पडून छाती किंचित उचलणे, हे जाणकाराकडून शिकून करावे.

हृदयासाठी चालणे हाच राजमार्ग. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटांचे मध्यम श्रम सुचवले, आणि वृद्धांनी आठवड्यातून निदान तीन दिवस तोल व ताकद वाढवणारे व्यायामही करावेत असे सांगितले. मध्यम श्रम कसे ओळखावेत? चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. नुसत्या चालण्याने कण्याची घनता फारशी वाढत नाही, हेही खरे. त्यासाठी स्नायूंवर भार घ्यावा लागतो. ऑस्ट्रेलियात विरळ हाडांच्या १०१ स्त्रियांवर झालेल्या आणि २०१८ साली छापून आलेल्या प्रयोगात, आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास वजने उचलण्याचा कडक व्यायाम ८ महिने केल्यावर कमरेच्या मणक्यांची घनता सुमारे ३ टक्क्यांनी वाढली. मात्र तो व्यायाम सदैव तज्ज्ञांच्या देखरेखीखाली झाला होता. घरी गॅसचे सिलिंडर उचलून त्याची नक्कल करू नये.

आता चालावे कोठे? मिसरोदपासून बैरागढपर्यंतचा सुमारे २४ किलोमीटरचा बस-मार्ग २०१३ साली सुरू झाला आणि २०२४ साली तो उखडण्यास आरंभ झाला. तेवढ्या काळात मुख्य रस्त्याची रहदारी काही कमी झाली नाही. सत्तरीच्या बाईंनी तो रस्ता ओलांडून फिरावयास जावे असे आम्ही म्हणणार नाही. वसाहतीच्या आतला सपाट रस्ता, उन्हाळ्यात सूर्य वर येण्याआधीची वेळ, हिवाळ्यात ऊन पडल्यावरची, आणि पावसाळ्यात घरातलाच लांब व्हरांडा, एवढे पुरे. ३० मीटरचा व्हरांडा हीच डॉक्टरांची प्रयोगशाळा असते, हे आपण वर पाहिलेच. दोघी-तिघी मिळून चालल्या तर ‘बोलता यावे’ ही कसोटीही आपोआप पार पडते.

मुलांनी व सुनांनी आईला चालण्यापासून परावृत्त करू नये. तिच्या वाटेतली निसरडी फरशी, सैल पायपुसणी आणि मोरीतला अंधार मात्र तेवढा दूर करावा. तिला धाप लागली तर वयाकडे बोट दाखवण्याऐवजी डॉक्टरांकडे न्यावे, आणि जाताना हाडांचे कागद बरोबर घ्यावेत. दोन्ही तपासण्यांचे कागद एकाच पिशवीत राहिले, तर या वयातले निम्मे अनर्थ टळतील असे आम्हांस वाटते.